लिंबाखालची झोळी

तो टाहो चतुराबाईच्या कानातून बारा वर्षं गेला नव्हता.

कापसातून सरकी काढणाऱ्या जालन्याच्या जिनाचं आवार, आवारात लिंब, लिंबाच्या फांदीला झोळी आणि झोळीत चार महिन्यांची लेक. यंत्राच्या घरघरीला भेदून तिचं रडणं आत यायचं. पान्हा फुटून चोळी भिजायची, पण भोंगा झाल्याशिवाय जागचं उठायची सोय नव्हती. "यंत्र लेकरासाठी थांबत न्हाई!" मुकादम ओरडायचा. मग एके दिवशी तो टाहो थांबला. कुणी विचारलंच, तर चतुराबाई म्हणायची, "देवी आल्त्या, त्यातच गेली." आणि कापसाची ओंजळ यंत्राच्या तोंडी द्यायची.

आता निजामाचं राज्य गेलं होतं. मतांच्या पेट्या आल्या होत्या आणि जिनातल्या बायांनीही रांग धरून त्यांत चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पण लिंब तोच होता, भोंगाही तोच होता. या मोसमात फांदीला झोळी होती कौसाची.

कौसा हसनाबादची, चार बुकं शिकलेली. जेवणाच्या सुट्टीत तिनं एक कागद बायांना वाचून दाखवला. जिथं एवढ्या बाया राबतात तिथं लेकरांसाठी निराळी खोली पाहिजे, आईला पाजायला मधे सुट्टी पाहिजे, असा कायदाच झाला होता! बायांनी अर्ज केला, अंगठे उठवले. गुरुवारी लेबर इन्स्पेक्टर साहेब येणार, असं ठरलं.

अंगठा दिला नाही तो एकट्या चतुराबाईनं.

इतकी वर्षं कुणाचं दुखलं-खुपलं, कुणाचं सासरी बिनसलं, तर बाया चतुराबाईकडं यायच्या. ओवी उचलायची तर तिनंच. आता ज्या त्या तोंडी कौसा! कौसा पोरीला पदराआड घेऊन बसली, की चतुराबाईच्या छातीत काहीतरी कळवळून उठे आणि जिभेवर येताना त्याचं विष होई. एकदा तिनं साऱ्यांदेखत सूर लावला,

"काल आली जिनावरी, तिला सावलीचा थाट,
आम्ही बारा वर्सं बाई, पाह्यली भोंग्याची वाट!"

बाया खो खो हसल्या. कौसा मान खाली घालून सरकी झाडत राहिली.

मत्सर हा रुईच्या गासडीत शिरलेल्या ठिणगीसारखा असतो. वरून धूर दिसत नाही, आतून मात्र सगळं जळत जातं.

यंत्रांना तेल देणारा म्हातारा रखमाजी हे पाहत होता. संध्याकाळी पाण्याच्या रांजणापाशी त्यानं तिला गाठलं. "चतुरे, अंगठा कामून न्हाई दिला?"

"कशापायी देऊ, रखमाजीदादा? आम्हाला कुणी सुट्टी दिली व्हती? आम्ही सोसलं, तिनं बी सोसावं. ती काय राजाची राणी हाये?"

"तहानेनं तुझा घसा सुकला, ते खरं. आता विहिरीला पाणी लागलं, तं दुसरीची घागर फोडतीस व्हय?"

"मला घागर बी नको अन् विहीर बी नको."

"आगं, हक्क काय भाकर हाये? तिनं खाल्ली म्हणून तुझ्या टोपल्यातली कमी व्हईल? पेटीत शेठजीनं एक चिठ्ठी टाकली, तू बी एकच टाकली. कायद्यापुढं तुम्ही दोघं सारखे. पण कागदाला तोंड न्हाई, बाई. त्याला आपलं तोंड द्यावं लागतंय."

"तेलाची बुधली सांभाळा दादा, सांडून राह्यलीय!" असं फटकारून ती निघाली. बुधली सरळच होती.

दुसऱ्या दिवशी जिनाचे मालक सुरजमल शेठजी यांनी तिला पेढीवर बोलावलं. "चतुराबाई, तुम्ही सगळ्यांत जुन्या. साहेबासमोर इतकंच बोला, इथं आजवर कुण्या लेकराला बिलकुल तकलीफ झाली न्हाई. पुढच्या मोसमाला बायांची मुकादमी तुमचीच."

मुकादमी! मंग ती कौसा माझ्याच हाताखाली! चतुराबाईनं मान डोलावली.

त्याच संध्याकाळी कौसा तिच्याजवळ आली. "मावशी, रागावू नका. उद्या साहेबासमोर बोलायचंय मला. पोरगी रडली तं तेच निमित्त करून मुकादम मला साहेबापुढून तिकडंच धाडंल. तुमच्या टायमाला बाया लेकरं कशी निजवायच्या हो?"

चतुराबाईच्या ओठांवर काहीतरी आलं. पण तेवढ्यात तिला कौसाच्या चोळीवरचा दुधाचा ओला डाग दिसला. ओठ मिटले.

"निजायची आपली," ती म्हणाली, आणि चालू लागली.

गुरुवार उजाडला. साहेबांची जीप जेवणाच्या सुट्टीआधीच आली. यंत्रं थांबली, बाया आवारात जमल्या. शेठजींनी हसून चतुराबाईला पुढं केलं. "या आमच्या सगळ्यांत जुन्या. यांनाच विचारा."

चतुराबाईनं बोलायला तोंड उघडलं, आणि तिच्या ध्यानात आलं. लिंबाकडून काहीच ऐकू येत नव्हतं. ऊन डोक्यावर आलं, यंत्रं बंद, आणि लेकराचा हूं की चूं नाही! बारा वर्षांपूर्वी अशीच शांतता तिनं ऐकली होती.

"कौसे! काय दिलंस पोरीला?"

"शेजारच्या म्हातारीनं... बारीक गोळी दिल्ती, मावशी. निजंल म्हणून..."

चतुराबाई धावली! साहेब, शेठ, मुकादमी, सारं मागं टाकून धावली. झोळीतून पोर उचलली तर मान लुळी. तिनं तोंडावर पाणी मारलं, तळपाय चोळले, गालांवर चापट्या मारल्या. "ऊठ गं माझे बाई! रड! जल्दी रड!" रखमाजीनं पाण्याची घागर आणली, साहेबांनी जीप दवाखान्याकडे न्यायला सांगितली. जीपचं इंजिन सुरू झालं, तेवढ्यात पोरीनं ओठ मुडपले आणि एक बारीकसा टाहो फोडला.

त्या टाहोनं साऱ्या आवाराला सुटल्यासारखं झालं! कौसा पोरीला छातीशी धरून जीपमध्ये बसली. जाता जाता तिनं चतुराबाईच्या पायांना हात लावला. चतुराबाईला तो हात विस्तवासारखा लागला.

बंधुभगिनींनो, आपल्याला जे मिळालं नाही ते दुसऱ्याला मिळताना आपलं मन कडू होतं. पण आपलं सोसणं पुढच्यांवर लादलं, तर अन्याय आणखी एक पिढी जगतो. आणि त्याला जगवतो तो शेठजी एकटा नाही. आपली मुकी तोंडंही त्याला पाजत असतात!

जीप फाटकाबाहेर गेली. साहेब बायांचा अर्ज आणि शाईची डबी घेऊन तिथंच उभे होते. शेठजींची नजर जमिनीवर होती. चतुराबाईनं पदरानं हात पुसले, शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि अर्जावर सगळ्यांच्या खाली दाबला.

"ल्ह्या साहेब. तिचं नाव सोनी व्हतं. चार महिन्यांची व्हती. बारा वर्सं मी खोटं सांगत आले, देवी बिवी काही आल्त्या न्हाईत. भोंग्याला भ्याले मी. मला उठू देत न्हवते, ती रडायची, अन् मला ते रडणं ऐकवत न्हवतं. म्हणून मी माझ्या हातानं तिला अफू दिली."