अर्ध्या भाड्याचा माणूस

संदेशला अर्धं भाडं परवडत असे, पूर्ण परवडत नसे. गोष्ट एवढीच आहे, पण ती समजायला हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर एकदा जाऊन यायला हवं.

दोन खोल्या, मधे बैठकीची जागा आणि पुढे प्रशस्त सज्जा. एका खोलीत पुण्याहून नोकरीसाठी आलेला संदेश. दिवसभर लॅपटॉपसमोर. दुसरीत युवराज, लग्नाचे मंडप सजवणारा. त्याचं मराठी घराणं तीन पिढ्यांपासून हैदराबादेत मुरलेलं. खाली घरमालकीण पद्मावतीबाई. संदेश त्यांना काकू म्हणे, युवराज अक्का.

घर देताना पद्मावतीबाई म्हणाल्या होत्या, "दोघांचे दोन कागद करू की. तुझी खोली तुझी, त्याची त्याला."

पण मग सज्जा पुढच्या खोलीला, म्हणजे युवराजला गेला असता. संदेशच्या न्यायबुद्धीला ते सोसेना. त्याने एकच करार करायला लावला: दोघेही भाडेकरू, सगळ्या घरावर दोघांचा सारखा हक्क. वकिलाने त्याच्या पुढे सवयीने एक कलम घातलं, की भाड्याची जबाबदारी दोघांची मिळून आणि प्रत्येकाची वेगळीही राहील. हक्काचं कलम संदेशने तीनदा वाचलं. जबाबदारीच्या कलमापाशी चहा आला.

अर्ध्या भाड्यावर त्याचा जीव असण्याला कारण होतं. पुण्यात त्याने अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. इमारत चौथ्या मजल्यावर थांबली होती. हप्ता मात्र न थांबता अकराव्यापर्यंत चढला होता. पगारातून हप्ता आणि अर्धं भाडं गेलं की जेमतेम पोटापुरतं उरे.

युवराजचं दिवाळं एका लग्नात निघालं. भल्यामोठ्या लग्नासाठी त्याने फुलं, झुंबरं, जनरेटर सगळं उधारीवर उभं केलं आणि लग्न आदल्या दिवशी मोडलं. पैसे मागायला गेला तर मुलीकडचे मुलाकडे बोट दाखवत आणि मुलाकडचे मुलीकडे.

"आयपी टाकली यार," एका सकाळी खिचडी वाढता वाढता तो म्हणाला. हैदराबादेत दिवाळखोरीचा अर्ज कोर्टात दिला की असंच म्हणतात.

"म्हणजे आता?"

"आता काय. वकील बोलला, आरामात झोप."

"आणि तू झोपलास?"

"हौ. लई दिवसांनी."

झोप उडाली ती संदेशची. युवराज दिवसभर कामाच्या शोधात बाहेर आणि हा घरी, त्यामुळे फुलवाला आला की दार हाच उघडे. जनरेटरवाला आला की पाणी हाच देई. आपला यात काही संबंध नाही, हे तो प्रत्येकाला सौजन्याने समजावून सांगे आणि प्रत्येकजण तितक्याच सौजन्याने बसून राही.

अशा वेळी दुसऱ्या कोणी दार लावून घेतलं असतं. संदेशने पाटी लावली. फाटकावर, ठळक अक्षरांत, शुद्ध मराठीत:

'श्री. युवराज यांनी दिवाळखोरीचा अर्ज केलेला आहे. त्यांच्या देण्याशी येथील श्री. संदेश यांचा सुतराम संबंध नाही. विनाकारण घंटी वाजवू नये. दुपारी एक ते चार कारण असले तरी वाजवू नये.'

पाटीत चूक काढायला जागा नव्हती. फक्त फुलवाल्याला तेलुगू वाचता येत होतं आणि जनरेटरवाल्याला उर्दू. त्यांनी घंटी वाजवून विचारलं, "साब, ये क्या लिखे?" संदेशने खाली येऊन पाटी मोठ्याने वाचून दाखवली, अर्थही सांगितला. वेळ अडीचची होती.

या दोघांखेरीज त्या गल्लीत मराठी वाचणारं माणूस एकच होतं: पद्मावतीबाई. त्या पुड्याचा कागदसुद्धा मराठी असला तर वाचून मगच टाकत. त्यांनी पाटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि जिना चढून वर आल्या.

"युवराजचं दिवाळं निघालं, आणि मला फाटकावरून कळतं होय रे?"

"काकू, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तीन महिने तो म्हणतोय, अक्का, लग्नाचे मुहूर्त निघू द्या, देतो. मीही म्हटलं, आपलं लेकरू आहे, देईल. आता कोर्टात गेल्यावर काय देतो? तू दे."

"पण माझा अर्धा वाटा मी दर महिन्याला पाठवलाय."

"पोचला की. आता उरलेला पाठव."

आता हे नीट समजून घेऊ. दोन मुलांनी मिळून पाण्याची भरलेली बादली उचलली. वाटेत एकाने हात सोडला. तेव्हा बादली काही अर्धी होत नाही. ती सगळी दुसऱ्याच्या हातावर येते. संदेशच्या हातावर आली, तेव्हा त्याने करार काढला आणि चहापाशी राहिलेलं कलम वाचलं.

"मी घर सोडतो," तो म्हणाला.

"सोड ना. डिपॉझिट थकलेल्या भाड्यात जाईल, बरं का. नव्या घरी भरायला आहे?"

नव्हतं. संध्याकाळी युवराज आला. सगळं ऐकून तो खरोखर ओशाळला.

"मी जातो ना यार, नामपल्लीला. काकाकडे."

संदेशने मनात हिशेब मांडला. युवराज गेला तरी भाडं पूर्ण, राहिला तरी पूर्ण. राहिला तर खिचडी मिळेल.

"नको जाऊस," तो कोरडेपणाने म्हणाला.

गल्लीला युवराजची फार दया आली. पद्मावतीबाई त्याच्यासाठी बगारा भात पाठवू लागल्या, फुलवाल्याने आपल्याच ओळखीत त्याला काम मिळवून दिलं. "पोरगं बिचारं खचलंय," असं म्हणून सगळे त्याच्याशी हळू बोलत. वेळेवर पैसे भरणाऱ्याशी हळू बोलायची पद्धत नसते. त्याला फक्त तारखेची आठवण करतात.

संदेशने बाकी फेडली, पूर्ण भाडंही भरलं. त्या महिन्यात फ्लॅटचा हप्ता चुकला. आजवर तो कर्जदार नव्हता, हप्ता भरणारा होता. एक हप्ता चुकला आणि तोही कर्जदार झाला.

बँकेतून फोन आला तेव्हा तो सज्ज्यात उभा होता. पडद्यावरचा नंबर पाहून त्याने फोन नुसता वाजू दिला. युवराज आतून लसूण सोलत बाहेर आला.

"बँक?"

संदेशने मान हलवली.

"घे, घाबरू नक्को. पहिल्या फोनला ते बी गोडच बोलतात. सर म्हणायचं. खोटी तारीख द्यायची नाही. मी दिली, तिथंच फसलो."

"मग काय सांगू?"

"खरं सांग. बोल, सोबत राहणाऱ्याचं दिवाळं निघालं." युवराज सोललेली पाकळी वाटीत टाकत म्हणाला, "माझं नाव सांगितलं तरी चालेल. ओळखत असतील."

संदेशने फोन कानाला लावला. "हौ सर," तो म्हणाला. शेजारी युवराजने मान डोलावली, पहिल्याच प्रयत्नात उत्तर बरोबर आलेल्या विद्यार्थ्याकडे पाहून डोलवावी तशी.