चौथा लॉक

शाहूपुरीच्या मागच्या बोळात आकारामचं गॅरेज आहे. दुसरे लोक दारात लिंबूमिरची बांधतात. आकारामच्या दारात मात्र वर्षभर एक गंजका लोखंडी तुकडा तारेनं टांगलेला होता. जीपच्या शाफ्टचं ते तुटकं टोक. त्याला दोन कान, आणि एका कानात अडकून लोंबकळणारा अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस. नवं गिऱ्हाईक आलं की आकाराम आधी त्याला त्या तुकड्याखाली उभं करायचा आणि शाळामास्तरासारखं बोट वर करून सांगायचा, "हे बघा, पावणं. ड्रायव्हरनं ग्रीसगन लावायला आळस केला की असं होतंय." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि मुकाट्यानं चारही जॉइंटना ग्रीस करून घ्यायचं.

माणूस कामाला खोटा नव्हता. चिखलात, माळावर, उसाच्या सरीत घालायच्या फोर-बाय-फोर गाड्या गडहिंग्लज-चंदगडकडनं त्याच्याकडं यायच्या, त्या उगाच नव्हे. गाडी नुसती बोळात वळली तरी आवाजावरनं तो सांगायचा की पुढचा क्रॉस गेलाय की मागचा. पण हुशार माणसाचं एक असतं, दहा वेळा बरोबर आलं की अकराव्या वेळी तो बघायचंच सोडून देतो. आकारामला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं.

त्या दिवशी खंडेनवमी होती. गॅरेज धुऊन झालं होतं. पाने, हातोडे, पकडी रॉकेलनं पुसून ओळीनं मांडल्या होत्या. पूजेचं सामान पत्र्याच्या पेटीत असायचं. पाट, तांब्या आणि पाटावर अंथरायचं लाल कापड. कापड गेल्या दसऱ्याला जसं गुंडाळून ठेवलं होतं तसंच होतं, त्यात हळदकुंकू आणि चार तांदूळ चिकटलेले. आकारामनं ते दारात नेऊन झटकलं. काहीतरी टण्णकन फरशीवर पडलं, गोल फिरलं आणि त्याच्या पायाशी येऊन थांबलं.

त्यानं वाकून उचललं. जुन्या रुपयाएवढी, उघड्या तोंडाची, स्प्रिंगची कडी. कुंकवानं माखलेली. क्रॉसचा लॉक होता तो.

आता हा लॉक म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. गिअरबॉक्सकडनं चाकांकडं जो लांब शाफ्ट जातो, त्याच्या टोकाला हा क्रॉस असतो. गाडी खड्ड्यात आदळली, वर उचलली गेली तरी शाफ्टला वाकडंतिकडं होत फिरता यावं म्हणून. क्रॉसच्या चार टोकांवर चार कप, कपात बारीक सुया आणि सुयांना ग्रीस. कप बाहेर पळू नये म्हणून कानाच्या आत एक खाच असते आणि त्या खाचेत हा लॉक बसतो. चार कपांना चार लॉक. किटमध्ये मोजून चारच येतात. पाचवा येत नाही आणि तिनावर भागत नाही.

आकारामनं मनात हिशेब केला. कापड पेटीत गेलं होतं गेल्या दसऱ्याला. त्या नवमीला त्यानं एकाच गाडीचा क्रॉस बदलला होता.

ती गाडी नेसरीच्या विजयसिंहांची. विजयसिंहांना चिखलातल्या शर्यतींचा नाद. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शर्यत होती, म्हणून त्यांचा ड्रायव्हर गैबी ऐन नवमीला जीप घेऊन आला होता. गैबी आणि आकाराम वीस वर्षांचे दोस्त. गैबी जीपखाली बॅटरी धरून आडवा आणि शेजारी आकाराम पाठीवर, असं काम चाललं होतं. तीन लॉक बसले. चौथा पकडीच्या चोचीत धरला, खाच साफ करायला कापडाचा बोळा शोधला, तेवढ्यात बायकोनं, संयोगितानं, तिसऱ्यांदा हाक मारली. वेळ टळत होती, नारळ फोडायचा खोळंबला होता. आकाराम तसाच उठला आणि हातातली पक्कड पाटावर बाकीच्या हत्यारांत मांडून त्यानं हळदकुंकू वाहिलं.

पूजेत बसवलेलं हत्यार दसऱ्याची सकाळ होईस्तोवर उचलायचं नाही, हा त्याच्या बापापासूनचा नेम. गैबीलाही तो ठाऊक होता. तो हसत घरी गेला. सकाळी उजाडता उजाडता परत आला, तर घाईघाईत आकारामनं पाटावरनं पाना तेवढा उचलला, शाफ्ट गाडीला जोडणाऱ्या चकतीचे, म्हणजे फ्लँजचे, बोल्ट आवळले आणि गाडी सोडली. पकडीच्या चोचीतनं लॉक कधीच निसटून कापडाच्या घडीत गेला होता. चौथा लॉक राहिलाय हे त्याच्या डोक्यातच उरलं नव्हतं.

आणि तिसऱ्या दिवशी शर्यत आटोपून येताना नेसरीच्या माळावर, उतारावर, शाफ्ट सुटला. त्याचं टोक जमिनीत रुतलं आणि जीपनं कोलांटी खाल्ली. गैबीचा उजवा हात खाली सापडला.

विजयसिंहांनी तुटका शाफ्ट पोत्यात घालून आकारामकडंच आणला होता. न्याय करायला दुसऱ्या कुणाकडं नेणार? आठदहा माणसं भोवती उभी होती. आकारामनं रिकामा कान बघितला, त्यातनं सुटलेला पोत्यातला कप आतनं कोरडा ठणठणीत, सुया गायब, आणि क्षणात निकाल दिला की ग्रीस नव्हतं, नव्या क्रॉसला शर्यतीआधी गन लावायचं काम ड्रायव्हरचं, त्याचीच हयगय. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. विजयसिंहांनी तिथंच फोन काढून गैबीला कामावरनं कमी केल्याचं कळवलं. गैबी तेव्हा दवाखान्यात होता.

महिन्याभरानं तो हाताला बँडेज बांधून गॅरेजच्या दारात आला होता. आकाराम तेव्हा एका गिऱ्हाइकाला तुकड्याखाली उभं करून पाठ देत होता. गैबीनं तो सगळा ऐकला, वर टांगलेल्या तुकड्याकडं बघितलं आणि एक शब्द न बोलता निघून गेला. दोस्ताला चूक पटली, तोंड दाखवायची लाज वाटली, असं आकारामनं तेव्हा घरी सांगितलं होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, पण यात झाकून ठेवणाऱ्यालाच पत्ता नव्हता.

लॉक मुठीत धरून आकाराम किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. मनात एक पाजी विचार येऊन गेला, तोही लपवायला नको. दारासमोर गटार होतं. मूठ उघडली असती तर काम झालं होतं. मग दुसरा विचार आला, हा लॉक भलत्याच गाडीचा असेल. या दुसऱ्या विचाराला त्यानं घट्ट धरलं आणि खरंखोटं करायला स्टूल घेऊन तो टांगलेला तुकडा खाली काढला.

वर्षात पहिल्यांदा त्यानं बॅटरी लावून रिकाम्या कानाच्या आत बघितलं. लॉक बसून मग उडाला असता तर खाचेच्या कडा खरवडल्या असत्या. कडा शाबूत होत्या. खाचेत जुना वाळलेला चिखल गच्च भरलेला होता, कुठल्या तरी आधीच्या शर्यतीतला. खाच साफ करायला तो बोळा शोधत होता आणि तिथंच हाक आली होती, हे त्याला लख्ख आठवलं.

अजून एक गोष्ट बघायची राहिली होती. क्रॉसचा दुसरा कप त्या तुकड्यात अजून जागच्या जागी होता, लॉकसकट. वर्षभर तो दारात टांगलेला होता आणि आकारामनं तो कधी उघडला नव्हता, कारण उघडायचं कारणच नव्हतं. त्यानं मांडलेल्या ओळीतनं पक्कड घेतली, लॉक काढला, हातोडीनं हळूच कप ठोकला.

कप निघाला आणि त्याच्यामागनं ग्रीस आलं. पिवळंधमक, मऊ ग्रीस. सुया त्यात लोण्यात बुडाल्यासारख्या बुडालेल्या. गैबीनं गन लावली होती. पहिल्या कपातलं ग्रीस सुयांबरोबर माळावर सांडलं होतं, म्हणून तो कोरडा होता. एवढं साधं होतं, आणि क्रॉसवाला म्हणून पंचक्रोशीत नाव असलेल्या माणसाला ते दिसलं नव्हतं.

आकाराम तिथंच खाली बसला. संयोगिता ताट घेऊन आली तर याच्या तोंडचं पाणी पळालेलं आणि दोन्ही हात ग्रीसनं माखलेले. तिनं काय झालं विचारलं. त्यानं नुसता लॉक दाखवला. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण त्याचा चेहरा बघून तिनं ताट खाली ठेवलं आणि पूजेचं विचारलंच नाही.

कळंब्याला तळ्याच्या रस्त्यावर गैबीचं पंक्चरचं खोपटं होतं. आकाराम पोचला तेव्हा गैबी डाव्या हातानं ट्यूब पाण्यात दाबत होता आणि त्याची बायको मलिका दुसरं टोक धरून बसली होती. उजव्या हाताला अंगठा आणि एक बोट एवढंच उरलं होतं. आकारामनं तो हात प्रथमच उघडा बघितला. पोत्यातनं तुकडा काढून त्यानं फळीवर ठेवला आणि शेजारी तो कुंकवाचा लॉक.

गैबीनं लॉककडं बघितलं. उचलला नाही. ट्यूबमधून बुडबुडे येत होते तिथं खडूनं खूण केली, मग म्हणाला, "म्हाईत हाय मला."

आकारामला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. गैबी शांतपणे सांगत गेला. हात जीपखाली अडकला तेव्हा गावातनं माणसं येऊन गाडी उचलायला दोन तास लागले. मान वळत नव्हती. डोळ्यांसमोर वितीवर शाफ्टचं ते टोक होतं आणि त्यातली ती चिखलानं भरलेली खाच. दोन तास तो त्या खाचेकडं बघत पडला होता. लॉक बसलाच नाही हे त्याला तिथंच कळलं होतं.

मग बोलला का नाहीस, असं आकारामनं विचारलं.

"काय बोलायचं? तू हातात घेऊन, उजेडात, धा मान्सांसमोर बघितलंस आणि ग्रीस न्हाय म्हनलास. मला वाटलं, गॅरेजचं नाव वाचवायला खोटं बोलतोय. दोस्ताला लबाड म्हनायला जीभ वळंना. म्हनून आलतो दारात, तू हून काय सांगतोस का बघाय. तर तू पावण्याला शिकवत हुतास."

"मी खोटं न्हाय बोललो, गैबी," आकाराम म्हणाला. "आयशप्पथ. मी खाच बघितलीच न्हवती. आज बघितली."

गैबीचा हात पाण्यात थांबला. इतका वेळ शांत असलेला माणूस आता मात्र हादरला. त्यानं मलिकाकडं बघितलं, परत आकारामकडं बघितलं.

"न बघताच बोललास?" तो म्हणाला. "वर्सभर मी तुला लबाड समजत हुतो, आकाराम. लबाडाला निदान बघावं तरी लागतंय."

आकारामला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि ते पुसायला हात वर नेला तर हात ग्रीसचा. मलिकानं उठून चिंधी दिली. आकारामनं सांगितलं की तो तुकडा आजच भंगारात घालतो.

"घालू नगंस," गैबी म्हणाला. "हुता तिथंच टांग. जिथं बोललास तिथंच खरं बोल, येईल त्याला."

दसऱ्याच्या सकाळी तुकडा परत दारात होता. रिकाम्या कानाला तारेनं तो लॉक बांधलेला, कुंकू न पुसता. पूजा त्या वर्षी झाली नव्हती. आकाराम स्टुलावर बसून होता आणि पहिलं गिऱ्हाईक कुणी अनोळखी असू दे, असं मनात म्हणत होता.

पहिले आले विजयसिंह. नव्या जीपला झेंडूचा हार घालून, शर्यतीआधी जॉइंटना ग्रीस करून घ्यायला. वर बघून ते हसले आणि म्हणाले, हे अजून ठेवलंय व्हय. आकाराम उभा राहिला.

"ग्रीस हुतं, दादा. लॉक न्हवता. तो माझ्याकडं ऱ्हायला हुता, पूजेच्या कापडात. गैबीचं काय चुकलं न्हवतं. मी न बघता बोललो."

विजयसिंहांना ते आधी कळलंच नाही. मग त्यांनी हात वर करून खाचेत नख घातलं. नखात वाळका चिखल आला. ते त्या नखाकडं बघत राहिले. ओरडले असते, चार शिव्या घातल्या असत्या तर आकारामनं मान खाली घालून ऐकल्या असत्या. ते ओरडले नाहीत. गैबी आता कुठं असतो, एवढं त्यांनी विचारलं. आकारामनं सांगितलं, कळंब्याला, तळ्याच्या रस्त्यावर, पंक्चरच्या खोपट्यात.

ते जीपमध्ये जाऊन बसले. किल्ली लावली, पण फिरवली नाही. खिडकीतनं आकारामकडं न बघता त्यांनी विचारलं, "बोटं किती ऱ्हायल्यात त्येच्या हाताला?"

"दोन," आकाराम म्हणाला. "अंगठा धरून."

विजयसिंह स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मागं दुसऱ्या गिऱ्हाइकाची गाडी येऊन उभी राहिली होती आणि ते गिऱ्हाईक उतरून दारातल्या तुकड्याकडं बघत होतं.