नुसतं दार

कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेत, नुनावुतमधल्या त्या गावात पाण्याचा टँकर एकच, आणि त्याला गॅरेज नव्हतं. सरकारी खात्याने गॅरेज मंजूर केलं, पण पैसे माणशी मोजून. गावात माणसं मूठभर. तेवढ्या पैशांत नुसतं दार बसत होतं. म्हणून उन्हाळ्यात एकदाच येणाऱ्या जहाजातून चौकटीसकट एक दार आलं. गावाने ते माळावर उभं केलं, मागे टँकर लावला आणि भिंतींची वाट बघत बसलं.

दार वापरात असेल तरच पुढचा हप्ता, अशी अट होती. तपासायला टर्नर नावाचा साहेब विमानाने येणार होता. पंचायतीत काम करणाऱ्या मियालियाला प्रश्न पडला, ज्या दाराला आतलं असं काही नाही ते वापरतात कसं? हप्ता बुडाला तर पुढच्याही हिवाळ्यात टँकर गोठणार आणि बर्फ वितळवून भांडी घासावी लागणार.

"दक्षिणेकडचे लोक दार ठोठावून आत जातात," तिने सगळ्यांना बजावलं. "तसंच करा."

गावात जन्मात कुणी दार ठोठावलं नव्हतं. कुणाच्याही घरात सरळ शिरायचं. ठोठावतो तो पोलीस. पण गावाचं काम म्हणून मंडळी कामाला लागली. टर्नर आला तेव्हा लोक रांगेने दार ठोठावून पलीकडे जात होते, आणि परत ठोठावून अलीकडे येत होते.

मियालियाने कपाळाला हात लावला.

"बाहेर पडताना का ठोठावतात?" टर्नरने विचारलं.

"बाहेर अस्वल असलं तर?" दारापलीकडे थर्मास घेऊन बसलेली ऊलूसी आजी म्हणाली. "त्याला कळायला नको?"

"गावात अस्वलं राहतात?"

"राहत असती तर डोकी वाढून दाराला कडीसुद्धा मिळाली असती."

टर्नर ठोठावून पलीकडे गेला.

"दार लाव रे बाबा, वारा येतोय," आजी म्हणाली.

त्याने लावलं. का लावलं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग पाणी येतं का बघावं म्हणून त्याने हातमोजा काढून टँकरचा नळ धरला. हात तिथेच चिकटला.

"ओढू नका, सालपट निघेल," मियालिया म्हणाली. "कोमट पाणी ओतावं लागतं."

"मग ओता."

"ते टँकरमध्ये आहे. गोठलंय."

सगळ्यांनी आजीच्या थर्मासकडे बघितलं. आजीने सगळ्यांकडे बघितलं.

"चहा एवढाच आहे. माणशी वाटू. तुमच्याच खात्याची रीत."

तिने त्याच्या वाट्याचा ओतला. करंगळी सुटली.

टर्नरने करंगळी हलवून बघितली. "आजी, हात सुटायला चहा लागतो तेवढा लागतो हो. त्याला डोकी कशाला मोजायची?"

"बघ पोरी," आजी मियालियाला म्हणाली, "सांगितलं की कळतं यांना." आणि तिने अख्खा थर्मास नळावर रिकामा केला.

टर्नरने सुजलेल्या हाताने तिथेच अहवाल लिहिला: दार वापरात आहे. टँकर डोकी मोजून गोठत नाही. चारही भिंती पाठवा.

पुढच्या जहाजाने भिंती आल्या, छप्परही आलं. टँकर आत गेला. ठोठावणं बंद झालं. ऊलूसी आजी तेवढी बाहेर पडताना अजून ठोठावते. अस्वलांना सवय झालीय म्हणे.