जोथमला तळ्यातून बाहेर काढलं तो दिवस

आमच्या हॅरोफील्डमध्ये दर ऑगस्टला गावाच्या जुन्या दिवसांची मिरवणूक निघते. पुढे बासऱ्या आणि ढोल, मागे तीनकोनी टोप्यांची पलटण, मग बैलगाडीतून हात हलवणाऱ्या बायका. सगळ्यात शेवटच्या गाडीवर इंग्रज शिपायाच्या लाल कोटातलं गवताचं बुजगावणं असतं. लोक त्याला शिव्या घालतात, टोमॅटो मारतात आणि गिरणीच्या तळ्याशी पोचलं की पाण्यात भिरकावून देतात. त्या बुजगावण्याचं नाव जोथम क्रॉमेट. आणि माझं नाव पॉली क्रॉमेट.

दोन-अडीचशे वर्षांपूर्वी गाव इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठलं, तेव्हा जोथमने नव्या सरकारची शपथ घ्यायचं नाकारलं. गावाने त्याला तळ्यात बुडवला आणि हाकलून दिला. तो बायकोमुलांना घेऊन कॅनडात गेला. थोरला मुलगा मात्र घरची गिरणी सोडेना. आम्ही त्या मुलाच्या वंशातले. मिरवणुकीच्या दिवशी बाबा पडदे ओढून घ्यायचे आणि आम्ही घरात पत्ते खेळत बसायचो.

बाबा गेले त्या वर्षी माझ्या आत्याने पडदे उघडले. थेल्माआत्या ऐंशीची, जन्मभर शाळेची बस चालवलेली. तिने कॅनडातल्या क्रॉमेटांना फोन लावला आणि मिरवणुकीला बोलावून घेतलं.

आदल्या संध्याकाळी तीन मोटारी भरून माणसं आली. त्यांचा म्होरक्या बर्टन, समुद्रात शेवंडं पकडणारा, दारात मावणार नाही असा. जेवताना आत्याने त्याच्या ताटात घेवड्याची उसळ वाढली आणि विचारलं, "तुमच्याकडे जोथमची काय गोष्ट सांगतात रे?"

"त्याची कमी, त्याच्या बायकोची जास्त," बर्टन म्हणाला. "मर्सीची. त्याला पाण्यात टाकून सगळे काठावर हसत उभे होते. ती लांब झग्यासकट आत उतरली आणि त्याला ओढून बाहेर आणलं. पोटात पोर होतं तिच्या."

आत्याचा वाढायचा डाव हातातच राहिला. "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही बुडवणाऱ्यांच्या गावात राहिलात ना, आत्याबाई."

कुणी हसलं नाही. आत्याने डाव पातेल्यात ठेवला. मग म्हणाली, "उद्या आपण त्या गाडीमागे चालायचं. काळे कपडे घालून. आणि तळ्याशी मी उतरणार."

"आत्या, तुझा गुडघा!" मी म्हटलं.

"गुडघा माझा आहे ना? मग तू का कण्हतेस?"

सकाळी ती डग स्टिकनीकडे गेली. बुजगावणं फेकायचा मान पिढ्यान्‌पिढ्या स्टिकनींचा. डगच्या मुलांना आत्याने वर्षानुवर्षं शाळेत पोचवलं होतं.

डग गडबडला. "थेल्मा, तुला वाईट वाटत असेल तर यंदा नाही फेकत. कमिटीशी बोलतो मी."

"नाही. तू फेक. तुझं काम तू कर. आम्ही आमचं करू."

मिरवणूक निघाली. गाडीमागे आम्ही सगळे, पुढे आत्या काठी टेकत. पहिल्या वळणावर आरडाओरडा नेहमीसारखाच होता. एक टोमॅटो बर्टनच्या छातीवर फुटला. त्याने पुसलासुद्धा नाही.

"हे कोण रे?" कुणीतरी विचारलं.

"क्रॉमेट," आत्या मान न वळवता म्हणाली. "त्याच्या घरची माणसं."

चर्चपाशी ओरडणारे कमी झाले. दुकानांच्या रांगेत एका म्हाताऱ्याने टोपी काढली, मग शेजारच्यानेही. पण पुढे पिठाच्या गोदामाशी काही पोरं पुन्हा हुर्यो करायला लागली. माझी मान खाली गेली. आत्याने कोपराने मला ढोसलं. "वर बघ. आपण काय चोरी केली?"

चढावर तिचा गुडघा वाकेना. बर्टन म्हणाला, "खांद्यावर घेतो तुला." तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो निमूटपणे तिच्या चालीने चालायला लागला. ढोल फार पुढे निघून गेले. गाडी मात्र थांबली. बैल हाकणाऱ्याने आपणहून कासरा खेचला होता.

तळ्याशी गर्दी होती. डगने बुजगावणं उचललं, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि फेकलं. लाल कोट पाण्यावर पसरला. टाळ्या वाजल्या, तेवढ्यात आत्याने बूट काढले.

"अहो बाई, खोल आहे!" कमिटीवाल्यांपैकी कुणीतरी ओरडलं.

"माहीत आहे. मी इथेच पोहायला शिकले."

ती काठी माझ्या हातात देऊन उतरली. मी काठी तशीच टाकली आणि तिच्यामागे गेले. तळात पाय रुतत होते. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा ती लटपटली. बर्टनने तिला मागून धरलं, पण पुढे तिलाच जाऊ दिलं. तिने बुजगावण्याची बाही पकडली. भिजलेलं गवत मेलेल्या बैलासारखं जड झालं होतं. आम्ही सगळ्यांनी जोर लावला तरी ते हलेना.

मग शेजारी धप्पकन आवाज झाला. डग आपल्या तीनकोनी टोपीसकट पाण्यात आला होता. "कोटाला नाही, पट्ट्याला धरा," तो म्हणाला. "खाली दगड बांधलेत मी, बुडावं म्हणून." त्याने चाकूने दोऱ्या कापल्या. दगड सुटले आणि ते एकदम हलकं झालं.

काठावर आणून आत्याने त्याचा कोट सारखा केला, बटणं लावली. मग गर्दीकडे वळून, ओठ निळे पडलेले असताना, जन्मभर बसमध्ये वापरला त्या आवाजात म्हणाली, "याला त्याच्या बायकोने बाहेर काढलं होतं. तिचं नाव मर्सी. दर वर्षी तुम्ही फेका. दर वर्षी आम्ही काढू."

कुणी टाळी वाजवली नाही. एका बाईने आपली शाल आत्याच्या खांद्यावर टाकली.

डग बुटातलं पाणी ओतत होता. "थेल्मा," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी दगड बांधू की नको?"

"बांध की," आत्या म्हणाली. तिचे दात वाजत होते. "फक्त दोर जरा बारीक घे."