ब्रिजखालची हिरडी

डॉक्टरीणबाईंनी भोंग्याच्या बसवलेल्या दातांखालून धागा ओढून काढला आणि त्याच्यासमोर धरला. लाल, बुळबुळीत, आणि वास असा की भोंग्याने स्वतःच तोंड फिरवलं. बँडपथकात त्याला भोंगाच म्हणत. त्याचा ट्रम्पेट चार गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा.

पुढचे दात गेले तेव्हा दोन्हीकडच्या सुळ्यांच्या आधाराने हा ब्रिज बसवला होता. पक्के दात, म्हणजे जन्माची काळजी मिटली, असं तो धरून चालला. ब्रिजखालून रोज धागा फिरवा, हे तेव्हाच बजावलं होतं. पण धागा लागला की हिरडीतून रक्त यायचं. हिरडी दुखावली तर उद्या फुंकायचं कसं? म्हणून त्याने ती जागा तळहातावरच्या फोडासारखी जपली, तिला हातच लावला नाही. बायको कधीपासून भिंतीकडे तोंड करून झोपायची. वय झालं की असं होतं, असं बिचारा समजत होता.

"रक्त यायचं म्हणून घासत नव्हतो," तो म्हणाला.

"घासत नव्हता म्हणून रक्त यायचं, काका."

सुळे हलत होते, त्यांच्याखालचं हाड झिजलं होतं. ते काढायचे आणि कवळी लावायची, दुसरा इलाज नव्हता. कवळीवर ट्रम्पेट वाजेल का, असं त्याने विचारलं. बाई हातमोजे काढत राहिल्या.

"जेवता येईल," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर तो बायकोवर चिडला. वास येत होता तर एकदा बोलायचं होतंस.

"बोलणार होते हो," ती म्हणाली. "पण तुम्ही वाजवायला उभे राहिलात की वाटायचं, आज नको."

त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

दात काढल्यावरही बँडमास्तरांनी त्याला रांगेतून हलवलं नाही. रांग भरलेली दिसायला हवी, एवढंच म्हणाले. भोंग्याने इस्त्रीचा कोट घातला, ट्रम्पेट मिटल्या ओठांना लावला आणि अख्ख्या गाण्यात एकही कळ चुकवली नाही. सूर शेजाऱ्यांचे होते.

गाणं संपलं. वाजवणाऱ्यांनी नेहमीप्रमाणे ट्रम्पेट उलटे करून आत साठलेलं श्वासाचं पाणी झटकलं. त्यानेही आपला उलटा केला, झटकला. फरशीवर काही पडलं नाही.