गिरणेएवढी गिरणा

कपाळावर आडवा धरलेला उजवा तळहात, आणि त्याच्या सावलीत विझत आलेले दोन डोळे. नाना आठवले की आधी हेच दिसतं. भडगावच्या त्यांच्या ओसरीवर ऊन येत नसे, समोर कडुनिंब दाट होता. तरी गिरणा नदीच्या दिशेला तोंड वळलं की त्यांचा हात आपोआप वर जाई. बोटीच्या कठड्याशी उभं राहून, एडनच्या उन्हात किनारा शोधण्याची ती सवय. सारा प्रवास संपून गेला होता, माणूस घरी येऊन टेकला होता. तो एक हात तेवढा अजून समुद्रावर होता.

विशीत ते कापसाच्या गाठींबरोबर एका व्यापाऱ्याचे कारकून म्हणून मुंबईहून निघाले, आणि पुण्याच्या एका साप्ताहिकाला पत्रं पाठवता पाठवता त्याचे परदेशातले बातमीदार झाले. कैरो, इस्तंबूल, मार्सेय, लंडन, डब्लिन, योकोहामा. चाळीस वर्षं ती पत्रं येत राहिली, आणि प्रत्येकात त्यांचा एकच नेम असे : दूरची कोणतीही गोष्ट खानदेशच्या मापाने मोजायची. नाईल नदी म्हणजे पुरातल्या तीन गिरणा खांद्याला खांदा लावून निघालेल्या. इस्तंबूलचे घुमट म्हणजे खळ्यात एका हाताने ओतलेल्या ज्वारीच्या राशी. लंडनचं धुकं म्हणजे जिनिंगमध्ये सरकी सुटताना उडणारी रुई, पलीकडच्या माणसाचा नुसता आवाज यावा इतकी. मार्सेयच्या धक्क्यावर कोळशाच्या धुराने त्यांना दोंडाईच्याच्या मिरचीबाजारातला ठसका लागला होता. आणि इंग्रजाला घालवलेल्या डब्लिनमध्ये लोकांच्या चेहऱ्यावर, त्यांनी लिहिलं होतं, तण काढून निंदणी नुकतीच झालेल्या रानाचा मोकळेपणा आहे.

मी नानांच्या शेजारची, चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरी पिठाच्या डब्यात पत्रकं लपवलेली असत, आणि भाकरीच्या वासाबरोबर मला त्यांतली वाक्यं पाठ झाली. अन्याय, धिक्कार, उठा : हे शब्द माझ्या कानात देवाच्या आरतीआधी शिरले. म्हणून जेव्हा नानांच्या पत्रांचं पुस्तक करायचं ठरलं आणि कात्रणं उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला त्या गिरणा, त्या राशी, ते ठसके यांची लाज वाटली. एवढा मोठा बातमीदार, आणि जगाच्या क्रांत्या ज्वारीच्या मापाने मोजतो! मी एकेक उपमा खोडली. त्यांच्या जागी ठणठणीत वाक्यं घातली, आणि अभिमानाने वाचून दाखवायला गेले.

नाना शेवटपर्यंत ऐकत राहिले. चूल सारवून ओल्या हाताने उंबऱ्यात येऊन बसलेली त्यांची धाकटी बहीण, आमची अक्का, आधी बोलली.

"भाऊ, आते यामा काय राहिनं? आपली गिरणा बी नही शे!"

नाना हसले. "पोरी, हे मार्सेय छान आहे. कुठून आणलंस? मी काही तिथे गेलो नव्हतो."

मी रागावले. म्हटलं, "नाना, लोकांना जागं करायचं तर आवाज चढवावा लागतो."

"चढव की. पण आधी त्यांना दिसू दे. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी कोण उठतो?" मग हात पुन्हा कपाळाकडे गेला, आणि आवाज अगदी खाली आला. "मला आता उजेड आणि काळोख, एवढंच कळतं. जन्मभर दुसऱ्यांच्या देशांतून लिहिलं. एक पत्र आपल्या स्वतंत्र देशातून लिहायचं राहिलंय. ते तुझ्या डोळ्यांनी लिहावं लागणार. आणि तुझे डोळे तर नुसते ओरडतात."

त्या वाक्याने मला जितकं दुखावलं तितकं कोणत्याही लाठीने दुखावलं नसतं.

स्वातंत्र्याची ती सकाळ अधिक श्रावणातली होती. कचेरीसमोर गाव लोटलं होतं. मी धावत ओसरीवर आले; नाना धुतलेला सदरा घालून, कागद मांडीवर ठेवून बसले होते.

"नाना, शतकांच्या शृंखला आज..."

"शृंखला मी पाहिल्यात. आज काय पाहिलंस?"

अक्का आतून म्हणाली, "बठ्ठं सांग वो, काही ठेवू नको."

मी थांबले. पहिल्यांदाच थांबले. मग सांगू लागले : नाना, दोरी गाठ बसून अडकली होती. झेंडा अर्ध्यावर लटकला आणि सगळे माना वर करून उभे. मग कचेरीचा म्हातारा शिपाई, जो आम्हाला त्या दारातून हाकलायचा तोच, स्टूल घेऊन आला. गाठ त्याला सुटेना. खुरपं कमरेला खोचून उभी असलेली एक बाई पुढे झाली, स्टुलावर चढली आणि तिने ती दातांनी सोडवली. झेंडा वर गेला तेव्हा घोषणा लगेच झाली नाही, नाना. आधी क्षणभर नुसता नदीचा आवाज आला.

नानांची लेखणी चालत होती. ओळी एकमेकींवर चढत होत्या, तरी चालत होती. मग ती थांबली. लेखणी माझ्या हातात देऊन त्यांनी हात कपाळावर धरला. "गिरणेला पाणी किती?"

मला वाटलं, आता माझी परीक्षा. त्यांचाच नेम उलटा वापरून मी म्हटलं, "नाईलएवढं लिहू या?"

नानांनी मान हलवली. कपाळावरचा हात सावकाश खाली आला आणि मांडीवर विसावला. त्या हाताला किनारा सापडलेला मी तेव्हाच पाहिला.

"नको. आज कशाचंच माप नको. गिरणा गिरणेएवढी आहे, असं लिही."

ते पत्र छापून आलं, नानांनी ते अक्काकडून हातात घेऊन बोटांनी चाचपलं, आणि कार्तिकात एका दुपारी ते गेले. मी पुस्तकातली माझी वाक्यं खोडली. राशी, रुई, ठसका, सारं एकेक करून जागच्या जागी ठेवलं. माझा आवाज अजून चढतो, तो चढणारच, अजून पुष्कळ दारं उघडायची आहेत. पण आता मी आधी पाहते.

सध्या जिनिंग सुरू आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात रुई उडते आणि पलीकडच्या माणसाचा नुसता आवाज येतो. मी लंडनला कधी गेले नाही. तरी या धुक्यात मी उभी असते, आणि कपाळावर हात धरून पाहत राहते, की जो माणूस जग आमच्या अंगणात आणून ठेवून गेला, तो याच्या पलीकडून नेमका कोणत्या क्षणी बोलू लागेल.