मी गाळलेला सहा वर्षांचा गाळ

मित्रांनो, मी एक जुना डिझेल फिल्टर आहे. पत्र्याचा डबा आणि आत घड्या घातलेला कागद, एवढेच माझे शरीर. टाकीतून आलेले डिझेल माझ्यातून जाते. त्यातली घाण आणि पाणी मी अडवून धरतो आणि स्वच्छ डिझेल इंजिनाला देतो.

मला नाहूरच्या रतनकाकांनी विकत आणले आणि इमारतीच्या आवारात स्वतःच्या हातांनी आपल्या गाडीत बसवले. ते एका कंपनीत ड्रायव्हर होते. गाडीचे काम दुसऱ्यावर सोपवणे त्यांना मंजूर नसे. दरवर्षी ते नवा फिल्टर घालत. पण मला बसवल्यावर काही महिन्यांतच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. मग त्यांनी गाडीपाशी येणेच सोडून दिले.

गाडी त्यांची मुलगी चेतना चालवू लागली. मुलुंडच्या एका दुकानातून ती आजाऱ्यांच्या घरी वॉकर, ऑक्सिजनची यंत्रे पोचवायची. गाडी ती रोज पुसायची. माझी विचारपूस मात्र कोणी केली नाही. मी आहे हेच तिला ठाऊक नव्हते. एक, दोन, सहा वर्षे गेली. माझ्या घड्या काळ्या पडल्या, श्वास कोंडू लागला.

एके दुपारी पवईच्या चढावर गाडीने गचके खाल्ले आणि ती बंद पडली. मागे ऑक्सिजनचे यंत्र होते आणि एका आजींच्या घरी सगळे त्याची वाट पाहत होते. चेतनाने यंत्र रिक्षात चढवले आणि वेळेत पोचवले. परत येऊन तिने बॉनेट उघडले. मी कामात कुचराई केली नव्हती, पण मला लाज वाटली.

तिने तिथूनच फोन लावला. "पप्पा, ही गाडी विकून टाकू. कोणाचा तरी जीव जायचा हिच्यापायी."

"डिझेल फिल्टर कधी बदललास?" फोनमधून रतनकाकांचा आवाज आला.

"तो कुठे असतो?"

"चुकलं माझंच," ते म्हणाले. "तुला दाखवलाच नाही."

गाडी थोड्या वेळाने कशीबशी सुरू झाली आणि रखडत घरी आली.

रविवारी सकाळी रतनकाका काठी टेकत खाली आले आणि खुर्चीवर बसले.

"इंजिन गार आहे ना? बॅटरीची वायर काढ. खाली फडकं धर."

चेतनाने माझ्या नळ्या सोडवल्या आणि मला एका डब्यात उपडे केले. काळे पाणी आणि गाळ बाहेर आला.

"हे सगळं इंजिनात गेलं असतं?"

"तो होता म्हणून नाही गेलं."

आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी, आणि तीही निरोपाच्या वेळी.

नवा फिल्टर बसला, बॅटरीही जोडली. पण गाडी सुरू होईना. चेतनाने तीनदा चावी फिरवली. "वाट लागली, पप्पा. माझ्याने नाही होणार."

रतनकाका उठले. "नळीत हवा अडकलीय, बाकी काही नाही." बॉनेटखालचा रबरी पंप त्यांनी डाव्या हातात धरला आणि दाबून दाखवला. "असा. कडक होईपर्यंत." त्यांचा हात दमला की चेतना दाबायची, तिचा दमला की ते. पंप कडक झाला. तिने पुन्हा चावी फिरवली. इंजिन एकदा खोकले, आणि मग गुरगुरत चालू राहिले. दोघेही ऐकत उभे राहिले.

इंजिन बंद करून चेतनाने नव्या फिल्टरवर तारीख लिहायला पेन काढले. रतनकाकांनी ते मागून घेतले. आजारानंतर त्यांनी काही लिहिले नव्हते. डाव्या हाताने त्यांनी हळूहळू एकेक आकडा काढला. अक्षर वाकडे होते, पण वाचता येत होते.

"पुढच्या वर्षी याच तारखेला," ते म्हणाले. "मी येतो खाली."

मित्रांनो, उद्या चेतना मला गॅरेजच्या भंगारात देईल. त्याचे मला दुःख नाही. पण तुमच्याही घरात कोणीतरी गुपचूप घाण अडवत, भार सोसत बसलेले असेल. ते बंद पडण्याची वाट पाहू नका. आजच झाकण उघडा, आणि त्याला नीट बघून घ्या.